मीटरचा पांढरा

११ जानेवारी २०२५, शनिवार

काळ्या अस्तराचा अख्खा तागा गायब! ऐन संक्रांतीच्या तोंडावर. काळ्या साड्यांची गिऱ्हाइकं दारात उभी, आणि ब्लाउजला अस्तर नाही. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, सकाळी सकाळी दुकान डोक्यावर घेतलं. आमच्या ह्यांनी, प्रफुलने, गोदाम उलथंपालथं केलं, मी कपाटं. सापडलं कुठे? दुकानाच्या वरच्या खोलीत! आमच्या दीर महाराजांनी खिडक्या, झरोका, दाराच्या फटी — सगळं त्याच अस्तराने झाकून टाकलेलं. आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात योगेंद्र भर अकरा वाजता लॅपटॉपपुढे बसलेला.

मामाजी जिन्यातूनच ओरडले, "काय करून राह्यला बे? भूतं पाळून राह्यला काय?"

"बाबा, दार लावा. उजेड येते."

दार लावा म्हणे! मला हसू आवरेना. मामाजींनी दार लावलं खरं, पण असं लावलं की खाली काउंटरवरची कात्री पडली. अस्तर काही परत मिळालं नाही. प्रफुल वर्ध्याहून दुसरा तागा घेऊन आले.

१२ जानेवारी, रविवार

जेवताना मामाजींनी निकाल देऊन टाकला. होळीपर्यंत मुदत.

झालंय असं की वर्ध्याला, पिपरी मेघेत, कोणी हरिभाऊ म्हणून आहेत. जिल्हा परिषदेतून निवृत्त. मुलाने त्यांना घरी मोठा प्रोजेक्टर लावून दिला, पण चित्राचा रंग काही केल्या त्यांच्या मनासारखा येत नाही. तो रंग बसवून द्यायचं काम योगेंद्रला मिळालंय. स्वतःचं असं पहिलंच. मामाजी म्हणाले, "त्या एका माणसाने काम चांगलं म्हटलं तर घे वर्ध्याले खोली अन् कर तुया धंदा. मी अडवत नाई. नाई म्हटलं त्यानं, तर लग्नसराईपासून गादीवर बसजो. मग पुन्हा त्या मशीनीचं नाव नाई काढायचं."

योगेंद्र मुकाट्याने "हो" म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या ताटात न मागता भाकरी वाढली.

मामाजींचंही चुकतं असं नाही. हा मुलगा हुशार, पण धरसोड. रेल्वेची परीक्षा पास झाला, घरात पेढे वाटले, मेडिकलला म्हणून गेला आणि परत येऊन म्हणतो, "मले नाई करायची नोकरी." का? तर उत्तर नाही. मग नागपूरला सभागृहांत प्रोजेक्टर बसवणाऱ्यांकडे लागला. तिथे मन रमलं, तर ते दुकानच उठलं. आता घरी. आणि काउंटरवर बसवावं तर बाई मागते एक, हा काढतो तिसरीच. मामाजी गिऱ्हाइकासमोर फाडकन बोलतात — लक्ष कुठं असते तुयं? — आणि हा घामेजून उभा. कापडाच्या घरात जन्मलेला माणूस कापडाला इतका का भितो, देव जाणे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काळ्या साड्या संपल्या. तिळगूळ देऊन घेऊन जीभ गोड, पाय मात्र गेले कामातून. योगेंद्रला खाली बोलावू नका, असं मीच मामाजींना सांगितलं. ऐकलं त्यांनी!

१७ जानेवारी, शुक्रवार

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. चहा द्यायचं निमित्त करून वर गेले. खरं म्हणजे खोडी काढायलाच गेले होते. "काय भाऊजी, सापडला का रंग? की हरवला अंधारात?"

तो काही रागावला नाही. म्हणाला, "बसा. हलू नका फक्त."

भिंतीवर त्याने जुनी चादर ताणून बांधलेली. त्यासमोर तिपाई, तिपाईवर एक गोल डबी, चादरीकडे तोंड करून. ते रंग मोजायचं मीटर. लॅपटॉप प्रोजेक्टरला सांगतो, राखाडी दाखव. चादर राखाडी होते. डबी ते पाहते आणि लॅपटॉपवर तीन पट्ट्या उभ्या राहतात — लाल, हिरवी, निळी. तिन्ही एका उंचीवर आल्या की तो राखाडी खरा. नाही आल्या तर योगेंद्र प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन एक घर वर, एक घर खाली करतो आणि पुन्हा मोजतो. मग थोडा उजळ राखाडी. मग आणखी उजळ. असं करत करत पांढऱ्यापर्यंत. पुढे रंग किती चुकला ते सांगणारा एक आकडा येतो. तो तीनच्या खाली गेला की ती चूक माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही म्हणे.

"अन् पांढरा कोणता खरा? आमच्याकडे पांढऱ्याचे चार प्रकार आहेत. दुधी, मोती, हाफ व्हाइट..."

"दिवसाच्या उजेडातला. भर दुपारी आभाळाखाली असते तो."

मी म्हटलं, म्हणजे आमच्या बायकाच शहाण्या म्हणायच्या! प्रत्येक बाई साडी पसंत पडली की उचलून दुकानाबाहेर रस्त्यावर नेते. "ट्यूबलाइटमध्ये नाई समजत, बाहेर पाहू द्या." मामाजींना त्याचा केवढा राग! पण रंग तिथेच कळतो.

योगेंद्र खुर्चीवरून उठलाच. "तेच वहिनी! तेच! हे सगळं मशीन म्हणजे ते साडी घेऊन बाहेर जाणं."

तास-दीड तास बसले असेन. एकदाही "मला वाटतं" म्हणाला नाही. वाटण्यावर काही सोडतच नाही हा! मीटर काय म्हणते ते पाहायचं, लिहायचं, पुन्हा मोजायचं. दिवा तापल्याशिवाय मोजत नाही. माझ्या पांढऱ्या दुपट्ट्याचा उजेड पडद्यावर पडतो म्हणून मला मागे बसवलं. घरात ज्याला सगळे बेफिकीर म्हणतात तो हाच का? मला तर आज त्याचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडे जो तो आपल्या डोळ्याचा तोरा मिरवतो. मामाजी मिरवतात, मीही मिरवते. हा पोरगा मात्र स्वतःच्या डोळ्याला खिशात ठेवून बसतो.

१९ जानेवारी, रविवार

चादरीला सुरकुत्या पडतात म्हणून मी त्याला पडदा शिवून दिला. मोठ्या पन्ह्याचं पांढरं कापड, चारी बाजूंनी काळी पट्टी, ताणायला कड्या. मामाजींनी विचारलं, कोणाची ऑर्डर? मी म्हटलं, माझी!

२३ जानेवारी, गुरुवार

आजची गंमत लिहिलीच पाहिजे. पडद्यावर धूळ दिसली म्हणून सासूबाईंनी तो काल उतरवून धुतला. नुसता धुतला नाही — नीळ घातली! त्यांच्या हिशोबाने बरोबरच आहे. धोतर, चादर, टोपी, जे जे पांढरं ते ते निळीच्या पाण्यातून काढल्याशिवाय त्यांना धुतल्यासारखं वाटत नाही. वाळवून, इस्त्री करून, पुन्हा कड्यांना बांधूनही ठेवला बिचारीने.

सकाळी योगेंद्रने प्रोजेक्टर लावला आणि मीटर हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "पडद्याले काय झालं? निळा मारून राह्यला."

मला तर काहीच वेगळं दिसलं नव्हतं. उलट जास्त पांढरा वाटला होता! मीटर लावलं — निळी पट्टी बाकी दोघींच्या डोक्यावरून वर. म्हणजे डोळाही तयार आहे की याचा. मग एरवी का वापरत नाही? मी तसं विचारलंसुद्धा.

"निळं समजते मले," एवढंच बोलला.

सासूबाई दारात उभ्या. "मले वाटलं पांढरा होईन. तुयं काम नासलं काय रे?" डोळ्यांत पाणी. तेव्हा योगेंद्रने त्यांना हाताला धरून आत आणलं, पट्ट्या दाखवल्या. "आई, नाई नासलं. हे पाह्य, तुयी नीळ. मशीनने पकडली." आणि निळा कमी करत करत तिन्ही पट्ट्या पुन्हा एका ओळीत आणून दाखवल्या. सासूबाई खुदकन हसल्या. मग खाली जाऊन शेजारच्या वच्छलाबाईंना सांगत होत्या, "माया योगेंद्रच्या मशीनले नीळ बी समजते!"

३० जानेवारी, गुरुवार

मीटर, लॅपटॉप, तिपाई बॅगेत भरून झालं. रविवारी पिपरी मेघे. मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही बी चला ना." आता माझं तिथे काय काम? "रंगाचं तुमच्याइतकं कोणाले नाई समजत घरात." मामाजींच्या घरात राहून हे वाक्य मला ऐकायला मिळालं! लगेच हो म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच आलो. थकले, पण लिहिते.

हरिभाऊ म्हणजे साहेबी माणूस. बोलताना मुद्दा एक, मुद्दा दोन. बायको शरयूताई मात्र मोकळी. गेल्या गेल्या पोहे, मग चहा, मग पुन्हा चहा. हरिभाऊंची तक्रार अशी की चित्रातली सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. "मुलाने एवढा खर्च केला, अन् मले सगळे पेशंट दिसून राह्यले!"

खोलीच्या दोन भिंती डाळिंबी. मी शिरताच ओळखलं, पडद्यावरचा उजेड या भिंतींवर आपटून लाल होऊन परत जाणार. योगेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, हे मी नसतो पकडू शकलो." किती मोठं मन आहे बघा! मीटरने शेवटी पकडलंच असतं, पण श्रेय दिलं मला. आम्ही पडद्याच्या आजूबाजूला काळं अस्तर टांगलं. मग तो कामाला बसला. हरिभाऊ मागे येरझाऱ्या घालताहेत, प्रश्न विचारताहेत, हा प्रत्येकाला शांतपणे उत्तर देतोय आणि पट्ट्या ओळीत आणतोय. काळ्यातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेक पायरी. बघत राहावं असं काम! मला तर स्वयंपाक घाईने करणाऱ्या माझ्या हातांची लाज वाटली.

शेवटी चित्र लावलं. माणसं माणसांसारखी! मी टाळ्याच वाजवणार होते.

हरिभाऊ म्हणाले, "फिकं काऊन केलं?"

पडद्याजवळ जाऊन पुन्हा म्हणाले, "आधी कसं चकचकीत होतं. आता विटल्यासारखं वाटते."

दुसरा कोणी असता तर वाद घातला असता. योगेंद्र म्हणाला, "काका, डोळ्याले भडक पाह्यची सवय लागली आहे. आठ दिवस असंच पाहा. मग नाई आवडलं तर जसं होतं तसं करून देतो."

गाडीवर मागे बसून येताना त्याला धीर द्यायला शब्द जुळवत होते. देवळीचा फाटा आला तेव्हा तोच म्हणाला, "वहिनी, मले काउंटरवर नाई बसता येत. खरंच नाई येत. कोणतंही काम सांगा, गोदामात गठ्ठे उचलतो." आवाज असा होता की माझी चेष्टा करायची हिंमत झाली नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

मामाजींनी विचारलं, "काय म्हणाला तो माणूस?" प्रफुलने सांगून टाकलं, आठ दिवस मागितले. मामाजी "हं" म्हणाले आणि गादीशेजारची जागा झटकून ठेवली. मला चीड आली!

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोन नाही. योगेंद्र जेवत नाही नीट.

९ फेब्रुवारी, रविवार

आज काय दिवस होता!

सकाळी हरिभाऊंचा फोन. या. गेलो. झालं होतं असं — आठवडाभरात त्यांना योगेंद्रचं चित्र आवडायला लागलं होतं. पण शुक्रवारी मेव्हणे आले. जावई-मेव्हण्यांना दुसऱ्याच्या घरात हात घातल्याशिवाय चैन कुठलं? त्यांनी योगेंद्रच्या सेटिंगची नक्कल करून दुसरी एक बनवली, त्यात "थोडा लाल मारला" आणि म्हणाले, चेहरे असे पाहिजेत. आता दोन सेटिंग. एक योगेंद्रची, एक मेव्हण्यांची. आणि कोणती कोणाची हे हरिभाऊ विसरले!

योगेंद्र म्हणाला, "काही हरकत नाई, मीटर लावतो." बॅग उघडली.

"नाही," हरिभाऊ म्हणाले. "मुद्दा एक, मशीन तुमचं. मुद्दा दोन, आकडे तुमचे. मशीन काहीही म्हणेल. मले डोळ्यानं सांगा. ही, का ही?" आणि रिमोटने दोन्ही दाखवल्या. पुन्हा दाखवल्या.

योगेंद्र पडद्याकडे बघत उभा. बघतोय, बघतोय. कपाळाला घाम. मला वाटलं, हा एवढा विचार का करतोय? दुसऱ्या सेटिंगमध्ये चेहरे तांबूस मारत होते, हे शेंबडं पोरही सांगेल. मग तो माझ्याकडे वळला.

"वहिनी सांगतील."

"काऊन? कारागीर तुम्ही आहा ना?"

"माझा डोळा या पडद्याले सरावला, काका. आता नवा डोळा पाहिजे. वहिनींचा जन्म साड्यांत गेला. त्या म्हणतील ते माझं."

अख्खा धंदा, खोली, पुढचं सगळं आयुष्य माझ्या एका शब्दावर ठेवलं त्याने! नुसतं "पहिली" म्हटलं असतं तर हरिभाऊंनी मानलं असतं का? वहिनी दिराच्याच बाजूने बोलणार. तेवढ्यात सुचलं. शरयूताईंना म्हटलं, तुमचा चांगल्या साडीतला एखादा फोटो आहे का? मुलाच्या लग्नातला होता. तो पडद्यावर लावला. म्हटलं, आता हीच साडी कपाटातून काढा.

शरयूताई धावत गेल्या आणि घेऊन आल्या. मोरपंखी, डाळिंबी काठ. मी दार किलकिलं केलं, दाराशी येणाऱ्या उजेडात पदर धरला आणि रिमोट त्यांच्याच हातात दिला. "पाहा ताई. तुमची साडी, तुम्हीच सांगा."

एक दाबली. दुसरी दाबली. दुसरीवर काठ विटकरी झाला, मोरपंखी मेला.

"पहिली! पहिली!" शरयूताई ओरडल्याच. "अहो, हाच माझा काठ! हा मी स्वतः निवडला होता, मले नाई कळणार का?"

मग हरिभाऊंनी स्वतःहून सांगितलं, "आता लावा तुमचं मीटर." लावलं. पहिलीवर चूक सांगणारा आकडा तीनच्या चांगलाच खाली. योगेंद्रचीच सेटिंग! हरिभाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मुद्दा तीन, माझ्या ओळखीत आणखी दोघं जण आहेत."

बाहेर आल्यावर योगेंद्रने वाकून माझ्या पायाला हात लावला, रस्त्यावर, सगळ्यांदेखत. मी म्हटलं, "हे काय भाऊजी, वेडे झाले काय?" किती नम्र मुलगा! स्वतःला सगळं येत असून मान दुसऱ्याला. असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

हरिभाऊंनी मामाजींना दुकानाच्या नंबरवर फोन केला. काय बोलले माहीत नाही. मामाजी उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पाहून घे खोली. पंखा असलेली पाहजो."

सासूबाई देवघरात जाऊन बसल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोरगाव मेघेत खोली मिळाली. अस्तराचा तागा मामाजींनी स्वतः काढून दिला! "ने. नाई तरी चोरूनच नेशीन." योगेंद्र हसला. त्याला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

२ मार्च, रविवार

योगेंद्र आला होता. नव्या कामाचे पैसे मिळाले म्हणून माझ्यासाठी साडी! तीही दुसऱ्याच्या दुकानातून. "घरचीच दिली असती तर काय मजा? तुमच्या आवडीचा मेहंदी हिरवा मागितला. दुकानदारानं नेहमीसारख्या आठ-दहा टाकल्या पुढ्यात. त्यातली सगळ्यात मऊ मीच उचलली, कोणाले न विचारता."

घडी उघडली. तपकिरी. हिरव्याचा धागासुद्धा नाही.

चेष्टा ओठांवर आली होती. मग त्याचा चेहरा पाहिला आणि मला समजलं. त्याला लाल-हिरवं वेगळं दिसतच नाही. कधीच दिसलं नाही. म्हणून रेल्वेने परत पाठवला, म्हणून काउंटरवर घाम, म्हणून हरिभाऊंकडे सोबत मी.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. घाईघाईने म्हणाल्या, "हिरवा शोभते तुले, अंजू." त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून.

मामाजींनी साडी हातात घेतली. काठावरून बोट फिरवलं. मग मान वर करून पोराकडे पाहिलं, जणू आजच पाहत होते. आयुष्यभरात एकाही गिऱ्हाइकाला रंगाचं खोटं न सांगितलेला माणूस.

"हिरवाच हाये," म्हणाले. "भल्ला चांगला निवडला."